पाळीव सापाची कात अडकली तर काय करायचं, आणि कशाला हात लावायचा नाही

बॉल पायथॉनच्या अंगावर अर्धवट सुटलेल्या कातीचे तुकडे दिसले की नवीन पाळणाऱ्याचे हात शिवशिवायला लागतात, कुठूनतरी एक टोक धरावं आणि ओढून काढावं असं वाटतं. प्लीज थांबा. अडकलेल्या कातीने साप एका दिवसात मरत नाही, पण घाईघाईत ओढलेल्या कातीबरोबर खालची नवीन कोवळी त्वचा फाटू शकते आणि डोळ्याजवळ ओढलीत तर डोळा कायमचा जाऊ शकतो. माझ्याकडे जे मेसेज येतात त्यात कात अडकल्यामुळे झालेलं नुकसान कमी असतं आणि कात काढायला गेल्यामुळे झालेलं नुकसान जास्त असतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. हे सगळं घरात कायदेशीर पाळलेल्या परदेशी सापांबद्दल आहे, म्हणजे मुख्यतः बॉल पायथॉन आणि कॉर्न स्नेक. आपल्याकडचा नाग, धामण, दिवड, अजगर यातला कुठलाच साप घरात ठेवता येत नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे त्यासाठी. बॉल पायथॉन आफ्रिकेतला आहे पण साइट्सच्या (CITES, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, त्यामुळे २०२४ मध्ये आलेल्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागते, ती केली नसेल तर आधी ते बघा. आणि अंगणात किंवा शेतात एखादा साप कात अडकलेला दिसला तर त्याला पकडून "मदत" करायला जाऊ नका. लांब राहा, सर्पमित्राला बोलवा किंवा महाराष्ट्रात असाल तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

नॉर्मल कात कशी पडते ते आधी नीट बघून ठेवा

हे माहीत नसेल तर अडकलीय की अजून वेळ आहे हेच कळत नाही, आणि निम्मे घोटाळे इथेच होतात.

सुरुवातीला साप जरा मळकट दिसायला लागतो, पोटाकडचा भाग गुलाबीसर होतो, रंग उतरल्यासारखा वाटतो. मग डोळे दुधाळ निळसर होतात. पाळणारे याला "ब्लूमध्ये गेलाय" म्हणतात. आत जुन्या आणि नव्या थराच्या मधे द्रव साठलेला असतो, त्यामुळे तसं दिसतं. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे एरवी गरीब असलेला सापसुद्धा फुसकारतो, चावायला येतो. जेवण बऱ्याचदा नाकारतो. यात घाबरण्यासारखं काही नाही, उंदीर देऊ नका आणि त्याला बाहेर काढून हाताळू नका, एवढंच.

मग एक दिवस डोळे परत स्वच्छ दिसतात आणि बरेच जण इथे फसतात, त्यांना वाटतं शेड झालं, म्हणजे कात पडली, आणि पिंजऱ्यात कात सापडत नाही म्हणून टेन्शन घेतात. तसं नाहीये. डोळे साफ झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांनी कात पडते. साप ओठाची कड खरबरीत जागी घासतो, तिथून कात सुटते आणि मग मोजा उलटा करत काढावा तशी डोक्याकडून शेपटीकडे उलटी होत निघते. सगळा प्रकार पहिल्या मळकटपणापासून एक ते दोन आठवड्यांचा. पिल्लं वाढीच्या वयात महिन्या-दीड महिन्याला कात टाकतात, मोठे साप त्यापेक्षा बरेच कमी वेळा.

डोळे निळे असताना काहीही ओढायचं नाही, चोळायचं नाही. खालची त्वचा अजून तयारच झालेली नसते. त्या वेळी तुमचं काम फक्त हवेतला ओलावा वाढवणं.

कात पडली की ती फेकू नका, वाचा

कात सापडली की एका टबमध्ये थोडं पाणी घ्या आणि ती त्यात हळूच पसरा, कोरडी असेल तर दहा मिनिटं भिजू द्या, मग चुरगळलेली सगळी उलगडते. डोक्याचा भाग शोधा. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही प्रत्येक वेळी कातीबरोबर निघतो, त्याला आपण आय कॅप म्हणू. तर डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन गोल, पारदर्शक, किंचित फुगीर खवले दिसले पाहिजेत. तिथे खवल्याऐवजी भोक असेल तर ती कॅप अजून सापाच्या डोळ्यावर असू शकते. मग दुसरं टोक बघा, शेपटीचं अगदी टोकाचं निमुळतं टोपण आलंय का. ही दोन टोकं नीट आली की निम्मी काळजी मिटली. कात सापापेक्षा लांब भरते, ती ताणली जाते म्हणून, त्यामुळे लांबी बघून साप वाढला असं समजू नका.

मोबाईलवर एक फोटो काढून तारखेसकट ठेवा. पुढे डॉक्टरकडे जायची वेळ आली तर याचा फार उपयोग होतो. आणि कात तिजोरीत ठेवायला कोणी मागितली तर द्यायची की नाही हा तुमचा प्रश्न, पण तिच्यावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, लहान मुलांच्या हातात देऊ नका.

मुळात अडकते का

बहुतेक वेळा कारण सापात नसतं, पेटीतल्या हवेत असतं. बॉल पायथॉनला एरवी ५५ ते ६० टक्के आर्द्रता लागते आणि कात टाकायच्या काळात ७० च्या आसपास. कॉर्न स्नेकचं ४० ते ६० मध्ये भागतं. आता मे महिन्यात नागपूर-अकोल्याची हवा आठवा, किंवा पुण्यात मार्च ते मे, दुपारी हवा इतकी कोरडी असते की आपलेच ओठ फुटतात. त्यात खोलीत रात्रभर एसी चालू, वर जाळीचं झाकण, वरून बल्ब पेटलेला, खाली वर्तमानपत्र अंथरलेलं. अशा पेटीत कात तुकड्यातुकड्यांनीच निघणार, त्यात सापाचा काय दोष. अमेरिकेत, जर्मनीत राहणाऱ्यांना हाच त्रास थंडीत हीटर सुरू झाला की होतो.

दुसरं कारण साप डिहायड्रेटेड असणं. पाण्याचं भांडं इतकं मोठं हवं की त्यात सापाला वेटोळं घालून बसता येईल, आणि पाणी रोज बदला. तिसरं तापमान. पेटी थंड असेल तर कातीचं सगळं तंत्र बिघडतं, बॉल पायथॉनला गरम बाजूला ३१ ते ३३ डिग्री आणि गार बाजूला २५ ते २७ असं हवं, आणि हीट मॅट, म्हणजे पेटी गरम ठेवणारी विजेची चटई, थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आपोआप आवरणारं यंत्र) लावायचीच नाही. चौथं, घासायला काही खरबरीत नसणं. पेटीत सगळं गुळगुळीत प्लास्टिक असेल तर बिचारा तोंड कशावर घासणार, एक खडबडीत लाकूड किंवा घट्ट बसवलेला दगड ठेवा. जुनी जखम किंवा भाजल्याचा व्रण असेल तर दर वेळी तिथेच तुकडा राहतो, हे तसं चालतं, फक्त लक्ष ठेवायचं.

आणि माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे. हे वेगळं सांगतो, कारण माइट्स असताना नुसती आर्द्रता वाढवून काही होत नाही. साप सारखा पाण्याच्या भांड्यातच बसून राहतोय, पाण्यात काळे ठिपके बुडालेले दिसतायत, डोळ्याच्या कडेला आणि हनुवटीखालच्या खाचेत खसखशीएवढे काळे दाणे हलतायत, असं दिसलं तर माइट्स समजा. सगळं अंथरूण काढून टाका, साधा टिश्यू पेपर घाला, रोज बदला आणि औषध डॉक्टरकडूनच घ्या. झुरळांचा स्प्रे, कुत्र्याचं गोचिडाचं औषध असलं काही आपल्या मनाने मारू नका, त्याने साप मरतात.

अडकलीय हे पक्कं झालं, आता काय

पहिले एक-दोन दिवस सापाला हातच लावायचा नाही. पेटी दुरुस्त करायची. ऐकायला फार साधं वाटतं, पण बऱ्याच सापांची उरलेली कात एवढ्यानेच सुटते.

एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, साप आत वेटोळं करून अंगाला भिंती टेकतील एवढाच मोठा, बाजूला सापाच्या जाडीच्या दुप्पट भोक पाडा आणि भोकाच्या कडा घासून गुळगुळीत करा, नाहीतर त्याच कडेने अंग कापेल. आत ओलं स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळ) भरा, ऑर्किड लावणाऱ्या नर्सरीत मिळतं. नाही मिळालं तर कोकोपीट. भिजवून घट्ट पिळायचं, मुठीत दाबलं तर पाणी गळायला नको. हा डबा पेटीत गरम बाजूच्या जवळ ठेवा, अगदी मॅटच्या वर नको. साप आपणहून आत जाऊन बसतो, दोन दोन दिवस बसतो, बसू द्या.

जाळीचं झाकण असेल तर अर्ध्याहून थोडं जास्त ॲक्रिलिक शीटने किंवा जाड प्लास्टिकने झाका, पण हवा खेळती राहिली पाहिजे, आणि वर बल्ब असेल तर त्याच्याखाली प्लास्टिक येऊ देऊ नका. अंथरूण कोकोपीटचं असेल तर पाणी चारी कोपऱ्यांतून ओता, म्हणजे खालचा थर ओला राहतो आणि वरचा कोरडा. दिवसातून चारदा स्प्रे मारणारे भेटतात, त्याने आकडा पंधरा मिनिटं वर जातो आणि परत खाली, शिवाय सापाचं पोट सतत ओल्यात राहतं.

आकड्यावरून आठवलं, ते काचेला चिकटवायचे गोल काट्याचे हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचे मीटर, भरवशाचे नसतात. डिजिटल घ्या, प्रोबवाला (वायरच्या टोकाला मोजणारा भाग असलेला), आणि प्रोब साप जिथे राहतो तिथे खाली ठेवा. तो बरोबर आहे का हे घरीच बघता येतं. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून घट्ट लगदा करा, ते बूच आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी ७५ टक्के दाखवलं पाहिजे. ६८ दाखवत असेल तर तुमचा मीटर सात कमी दाखवतो, तेवढं मनात धरून चला.

मुंबई-कोकणातल्यांनी मात्र पावसाळ्यात हे सगळं जसंच्या तसं करू नका. तिथे जुलैत बाहेरची हवाच ८०-९० टक्क्यांवर असते, तुमचा त्रास उलटा, बुरशी आणि पोटाचे खवले कुजणं. पोटाखाली तपकिरी-लालसर डाग, खवल्यांच्या कडा मऊ पडलेल्या दिसल्या तर पेटी लगेच कोरडी करा आणि डॉक्टरला दाखवा. ओलावा हवेत पाहिजे, सापाच्या अंगाखाली चिखल नको.

भिजवायची वेळ आली तर

पेटी सुधारून दोन दिवस झाले आणि अजून तुकडे अंगावर आहेत, डोळे निळे नाहीत, शेवटचं जेवण होऊन किमान ४८ तास उलटलेत, तरच पुढे जा. खाल्ल्यावर लगेच हाताळलं की साप उलटी करतो आणि ते त्याला फार महागात पडतं.

पाणी २८ ते ३० डिग्री. थर्मामीटरने मोजा, हाताने नाही. लोक इथे हमखास जास्त गरम पाणी घेतात, कारण आपलं अंग ३७ डिग्रीचं, त्यामुळे आपल्या हाताला छान कोमट लागणारं पाणी सापासाठी जास्त गरम असतं. ३० डिग्रीचं पाणी तुमच्या हाताला जवळजवळ गारच लागेल. तेच बरोबर आहे.

झाकणाला भोकं असलेला टब, तळाला एक जुना टॉवेल म्हणजे त्याला पकड मिळते, आणि पाणी सापाच्या अंगाच्या अर्ध्या जाडीपर्यंतच. साप पोहतो म्हणून खोल पाण्यात सोडू नका, दमला की बुडतो. वीस ते तीस मिनिटं, आणि तेवढा वेळ तुम्ही तिथेच बसायचं, फोन आला तरी उठायचं नाही. साप पाण्याला फारच घाबरत असेल तर पाण्याऐवजी ओले, पिळलेले दोन टॉवेल टबात टाका आणि त्यांच्या घड्यांत त्याला अर्धा तास फिरू द्या. मला स्वतःला ही दुसरी पद्धत जास्त आवडते, धोका कमी आणि टॉवेलच्या खरबरीतपणामुळे फिरता फिरताच बरीच कात निघते.

मग ओला टॉवेल दोन्ही हातांत सैल धरा आणि सापाला त्यातून स्वतः पुढे जाऊ द्या. तुम्ही ओढायचं नाही, तो सरकेल आणि कात मागे टॉवेलमध्ये राहील. दिशा नेहमी डोक्याकडून शेपटीकडे, खवल्यांच्या विरुद्ध कधीच नाही. एखादा तुकडा नुसत्या ओल्या बोटाने सरकला तर ठीक, चिकटून राहिला, ताण जाणवला की सोडून द्या. आज नाही निघाला तर उद्या परत, एकाच दिवशी तीनतीनदा भिजवून त्याला दमवू नका. दोन-तीन वेळा करूनही जागचं हलत नसेल तर घरचे उपाय बंद.

खोबरेल तेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल, हळद, साबण, काही म्हणजे काही लावायचं नाही. घरात कोणीतरी मोठं माणूस प्रेमानेच सांगतं की थोडं तेल लाव, मऊ पडेल. तेलाने खवल्यांवर चिकट थर राहतो, त्यात घाण धरते आणि पुढची कात आणखी बिघडते. चिमटा आणि सेलोटेपही नको.

शेपटी

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. शेपटीच्या टोकाला कातीची एक बारीक अंगठी राहते, रंगाने कातडीसारखीच असल्यामुळे दिसत नाही. पुढच्या वेळी तिच्यावर दुसरी अंगठी. त्या वाळून आवळत जातात, रक्त पोचत नाही आणि टोक काळं, कडक होऊन गळून पडतं. नजरेने नाही कळत, बोटाने कळतं. शेपटीवरून अंगठा आणि बोट टोकाकडे हळूच फिरवा, कुठे पायरीसारखी कड लागली तर तिथे थर आहे. वरच्याच पद्धतीने भिजवा, मग ओला कापूस किंवा इअरबड टोकाच्या दिशेने हलकेच फिरवत राहा. टोक आधीच काळं पडलं असेल, सुजलं असेल तर भिजवत बसू नका, डॉक्टर.

बॉल पायथॉनच्या वरच्या ओठावर छोटे खड्डे असतात, त्यांनी त्याला भक्ष्याची उष्णता कळते. तिथेही कातीचे कण अडकतात, ओलाव्याने सुटले तर सुटले, सुईने टोकरू नका.

डोळा

डोळ्याला घरी हात लावायचा नाही. यात मी कुणाचंही ऐकून घेत नाही. व्हिडिओ भरपूर आहेत, टेप लावून कॅप उचलणारे, चिमट्याने काढणारे, आणि ते बघायला सोपं वाटतं. पण जुनी कॅप आणि खालचा जिवंत खवला यांच्यात घरच्या उजेडात फरक करणं जवळपास अशक्य आहे, आणि तो खालचा खवला फाटला की डोळा उघडा पडतो, सुकतो, जंतुसंसर्ग होतो, आणि साप त्या डोळ्याने आंधळा.

शिवाय कॅप अडकलीय असं वाटतं ते प्रत्येक वेळी खरं नसतं. डोळ्यावर खळगा पडलेला, सुरकुती आलेली दिसते, ती कित्येकदा नुसती कोरड्या हवेमुळे किंवा पाणी कमी पडल्यामुळे असते, आर्द्रता वाढवली की दोन दिवसांत डोळा परत गोल होतो. म्हणूनच आधी कात वाचा म्हटलं. कातीत दोन्ही कॅप्स आल्या असतील तर डोळ्यावर काढण्यासारखं काही नाहीच. एक कॅप खरंच राहिली असेल, डोळा मंद आणि धुरकट दिसतोय, कडेला तुटका काठ दिसतोय, तरीही साप जेवतोय, सूज नाही, तर ओलावा नीट ठेवून पुढच्या कातीची वाट बघा, बऱ्याचदा दोन्ही थर एकत्र निघतात. तेव्हाही नाही निघाली, किंवा डोळा सुजला, पाणी-पू दिसला, तर थांबू नका. डॉक्टर डोळ्यात घालायचं जेल देऊन आधी मऊ करतात आणि मग योग्य साधनाने बघतात.

डॉक्टर कधी, आणि कसं न्यायचं

तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, नाकातोंडाशी बुडबुडे, श्वासाला घरघर, हे फुफ्फुसाच्या संसर्गाचं लक्षण, त्याच दिवशी न्या. अंगावर रक्त, फोड, कुजलेले खवले, माइट्स, वजन उतरत चाललंय, किंवा पेटी सगळी बरोबर असताना सलग दोन वेळा कात तुकड्यांत पडली तरी दाखवाच, आत काहीतरी दुसरं चालू असू शकतं. डॉक्टर सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम करणारे हवेत, नुसता कुत्र्या-मांजरांचा दवाखाना असेल तर आधी फोन करून विचारा. आणि हा नंबर साप आजारी पडायच्या आधी शोधून ठेवा, पुणे-मुंबईत मिळतात पण लहान गावात दोन-तीन तास प्रवास पडू शकतो.

साप उशीच्या सुती खोळीत घालायचा, तोंडाशी गाठ, आणि ती खोळ भोकं असलेल्या डब्यात. उन्हाळ्यात गाडी बंद करून त्याला आत ठेवून चहाला थांबू नका. बरोबर पडलेली कात पिशवीत घ्या, पेटीचा फोटो, दोन्ही बाजूंचं तापमान, आर्द्रतेचा आकडा, शेवटचं जेवण कधी आणि मागच्या कातीची तारीख, एवढं लिहून न्या. डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत हेच विचारतात.

साप, कात, टब, टॉवेल हाताळून झालं की साबणाने हात धुवा, तो टब परत स्वयंपाकघरात किंवा बाळाच्या अंघोळीला वापरायचा नाही, आणि घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा आजारी वयस्कर माणूस असेल तर हे भिजवण्याचं काम त्यांच्यापासून लांब, बाथरूममध्ये करून जमीन जंतुनाशकाने पुसून घ्या.